दोन शाळा, एक काठी, एक फोन : सावली मोजून पृथ्वीचा परीघ कसा काढावा

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, असं फळ्यावर लिहिलं की मुलं ते निमूटपणे वहीत उतरवतात. तो कुणी मोजला, कशानं मोजला, असं क्वचितच कुणी विचारतं. मग परीक्षेत गाळलेली जागा भरली जाते आणि आकडा तिथेच संपतो. हाच आकडा मुलांनी स्वतःच्या पटांगणावर काढावा, यासाठी हा लेख आहे. आठवी ते दहावीच्या वर्गाला हे जमतं. एक दुपार मोजणीला लागते आणि दोन तासिका हिशोबाला.

कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून परीघ काढला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर मध्यान्ही सायीनी गावात सूर्य थेट डोक्यावर असायचा. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरायचा. सूर्याचे किरण दोन्हीकडे समांतर येतात असं धरलं, तर दोन गावांमधलं अंतरही परिघाचा पन्नासावा भाग ठरतं. म्हणून त्या अंतराची ५० पट म्हणजे परीघ.

हातांनी शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमचा विचार मांडला गेला. १९८३ पासून पाबळच्या विज्ञान आश्रमात मुलं लोखंड, लाकूड आणि माती हाताळत शिकत आली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती दाखवली. या सगळ्याला एक मर्यादा होती : मुलांना आपल्याच पटांगणावरची सावली दिसायची, आणि एका सावलीवरून परीघ निघत नाही. दुसरी सावली पाचशे किलोमीटर लांबून आणून देण्याचं काम आता फोन करतो. माझ्या मते वर्गात फोन आणायला एवढं एक कारण पुरेसं आहे. व्हिडिओ दाखवून मुलांना गप्प बसवण्यासाठी मात्र तो आणू नये.

जोडीदार शाळा शोधा

दोन्ही शाळा जवळजवळ एकाच रेखांशावर, म्हणजे एकमेकींच्या सरळ उत्तर-दक्षिणेला हव्यात. त्यांच्यात निदान साडेतीनशे किलोमीटर अंतर हवं. मी सुचवेन ती जोडी पणजी आणि नाशिक. पणजीचा रेखांश ७३.८३ अंश आहे आणि नाशिकचा ७३.७९, म्हणजे फरक नावालाच. अक्षांश अनुक्रमे १५.५ आणि २० अंश. सरळ रेषेत अंतर जवळजवळ ५०० किलोमीटर भरतं. दोन्हीकडे मराठी बोलणारी मुलं भेटतात, त्यामुळे फोनवर त्यांचा आपसात संवाद होतो आणि शिक्षकाला मध्ये दुभाषा व्हावं लागत नाही. पूर्वेकडच्या शाळांसाठी सोलापूर-जळगाव ही जोडी चालेल. तिथे अंतर थोडं कमी आहे, म्हणून मोजणी जास्त काटेकोर करावी लागेल.

ओळखीतून, प्रशिक्षणात भेटलेल्या एखाद्या सरांकडून किंवा बाईंकडून शाळा मिळते. मोजणीच्या दोन आठवडे आधी दोन्ही वर्गांची एकदा फोनवर गाठ घालून द्या. एकमेकांची नावं माहीत असली की आकड्यांची काळजी मुलं आपणहून घेतात.

दिवस डिसेंबरातला का

मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस सगळ्यांना आवडतो, पण पुणे-मुंबईकडे तो मे महिन्यात सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा जुलैत ढगांत. डिसेंबरचा तिसरा आठवडा सर्वांत सोयीचा. आभाळ बहुधा स्वच्छ असतं आणि सूर्याचं दक्षिणेकडे सरकणं जवळजवळ थांबलेलं असतं. दिवसाला अंशाच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही. त्यामुळे नाशिकला ढग आले तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मोजलं तरी चालतं. सप्टेंबरात हीच सवलत घेतलीत तर सूर्य एका दिवसात जवळजवळ ०.४ अंश सरकलेला असतो आणि उत्तरात नऊ टक्क्यांची चूक शिरते. गोव्यात नाताळची सुट्टी लागण्याआधी दिवस ठरवा.

साहित्य

सव्वा मीटरची सरळ काठी आणि ती रोवायला मातीनं भरलेला डबा. वहीच्या पानाएवढा जाड पुठ्ठा. ओळंबा, गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला बांधलेला नट चालतो. पाणसळ, मोजायचा टेप, प्लायवूडची मीटरभर लांब फळी, पांढरा कागद, पेन्सिल. आणि शिक्षकाचा एक फोन. मुलामुलांजवळ फोन नकोत.

पुठ्ठ्याच्या मध्यभागी तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडा आणि पुठ्ठा काठीच्या टोकाला आडवा बसवा. नुसत्या काठीची सावली मोजायला घेतली की तिचं टोक धूसर दिसतं आणि तीन मुलं तीन ठिकाणी खूण करतात. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे, म्हणून मीटरभर काठीच्या टोकाची कड सुमारे दीड सेंटिमीटर पसरते. भोकातून मात्र पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा छोटा गोल ठिपका पडतो. त्याच्या मध्यावर खूण करणं सोपं जातं. तो ठिपका सूर्याची प्रतिमा आहे, हे मुलांना त्या क्षणी सांगायला विसरू नका.

भोकातून ओळंबा सोडा, तो जमिनीला जिथे टेकेल तिथे ठळक खूण करा. भोक ते खूण ही उंची बरोबर १०० सेंटिमीटर येईल असं पहा. मग दोरा काढून घ्या. पुढची सगळी मापं या खुणेपासून घ्यायची.

जमीन सपाट आहे का, हे आधी पहा

इथे घाई करू नका, कारण पूर्ण प्रयोगात सर्वांत मोठी चूक इथूनच येते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून शाळेच्या पटांगणाला उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. उत्तर-दक्षिण एक अंशाचा उतार असला तरी कोनात सुमारे अर्ध्या अंशाची चूक येते, आणि आपल्याला मोजायचा आहे तो दोन शाळांमधला फरक अवघा साडेचार अंशांचा. म्हणजे उत्तर दहाव्या हिश्शानं चुकतं. जमिनीवर गोटी ठेवून बघा, घरंगळते का. मग फळी टाका, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत तिच्याखाली कागदाच्या घड्या सारा, आणि तिच्यावर पांढरा कागद चिकटवा. ओळंब्याची खूणही याच पातळीवर, फळीवरच घ्या. डिसेंबरात सावली उत्तरेला पडते, त्यामुळे फळीचं लांब अंग तिकडे ठेवा.

फोनमध्येही पातळी दाखवणारं अॅप असतं. आधी मुलांना पाणसळ वापरू द्या, मग फोननं पडताळा. बुडबुडा का सरकतो हे समजलेल्या मुलाला पडद्यावरचा आकडा कशाचा आहे ते कळतं.

अंदाज लिहून घ्या

मोजणीआधी प्रत्येकानं वहीत तीन उत्तरं लिहायची : सावली कुणाकडे लांब असेल, किती सेंटिमीटरनं, आणि का. हा भाग गाळू नका. उत्तर लिहून बसलेलं मूल ठिपक्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहतं.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. मध्यान्ह बारा वाजता होते, असं बहुतेक मुलं म्हणतील. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पणजी-नाशिक तिथून ८.७ अंश पश्चिमेला आहेत. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरच्या रेषेत सुमारे ३५ मिनिटं उशिरा येतो. वर्षभरात यात काही मिनिटांचा चढउतार होतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्ह १२.३० ते १२.३३ च्या दरम्यान येते.

मोजणी

१२.१० ला सुरुवात करा. दर पाच मिनिटांनी एकानं फोनवरची वेळ मोठ्यानं सांगायची, दुसऱ्यानं ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलीची खूण करायची, तिसऱ्यानं वेळ लिहायची. पाळी बदलत रहा. १ वाजेपर्यंत अकरा खुणा होतील. सूर्याकडे कुणीही थेट पाहू नये आणि फोनचा कॅमेराही त्याच्याकडे रोखू नये, हे सुरुवातीलाच बजावून सांगा.

साडेबाराला व्हिडिओ कॉल लावा. पणजीच्या मुलांना नाशिकची फळी दिसू द्या, नाशिकच्यांना पणजीची. त्याच सूर्याखाली तिकडचा ठिपका काठीपासून लांब पडलेला दिसतो, तेव्हा वर्गात जी कुजबूज सुरू होते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. आकडे मात्र कॉलवर सांगायचे नाहीत. दोन्हीकडची मापं घेऊन झाली की वहीच्या पानाचा फोटो एकाच वेळी पाठवायचा. समोरचा आकडा आधी कळला तर हात नकळत त्याच्याकडे झुकतो.

सर्वांत कमी अंतराची खूण म्हणजे मध्यान्हीची सावली. वेळ आणि अंतर यांचा आलेख आधी आलेखवहीत काढा, मग फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये. वाटीसारख्या वक्राचा तळ नेमका कुठे आहे, ते एकट्या खुणेपेक्षा आलेखावरून जास्त खात्रीनं सांगता येतं.

हिशोब

२२ डिसेंबरला १०० सेंटिमीटर उंचीसाठी पणजीत सुमारे ८०.८ आणि नाशकात सुमारे ९४.७ सेंटिमीटर सावली यायला हवी. हे आकडे शिक्षकानं स्वतःजवळ ठेवावेत.

आठवीच्या मुलांनी दहास एक या प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून काठीच्या टोकाकडचा कोन कोनमापकानं मोजावा. दहावीच्यांनी सावली भागिले उंची करून टॅनवरून कोन काढावा. पणजीला ३८.९ आणि नाशिकला ४३.४ अंश आले, तर फरक ४.५. ३६० भागिले ४.५ म्हणजे ८०. ८० गुणिले ५०० किलोमीटर, ४०,०००.

इतकं नेटकं उत्तर पहिल्या खेपेला येणार नाही. कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर उत्तर ३६,००० ते ४५,००० मध्ये कुठेही जातं. सावलीत एक सेंटिमीटर चुकलं तर परिघात सुमारे तीन हजार किलोमीटर चुकतं. ज्या गटाचं उत्तर ४३,००० आलं त्याला ‘चूक’ असा शेरा देऊ नका. चूक कुठून आली असेल ते शोधायला त्यांना परत फळीकडे पाठवा.

अंतरासाठी फोनच्या नकाशावर एका शाळेवर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या शाळेपर्यंत रेषा न्या. रस्त्याचं अंतर घेऊ नका, घाटाच्या वळणांनी ते वाढलेलं असतं. इथे एखादं मूल विचारेल : नकाशाला परीघ आधीच ठाऊक आहे, मग आपण काय शोधलं? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. नकाशाच्या आकड्यामागे पृथ्वीचा आकार गृहीत धरलेलाच आहे. इरॅटोस्थेनिसनं वापरलेलं ५,००० स्टेडियाचं (स्टेडिया हे तेव्हाचं लांबीचं माप) अंतर जमिनीवरच्या मोजणीतून आलं होतं. तुमच्या शाळेपासून दहा किलोमीटर अंतर टेप आणि सायकलच्या चाकानं कसं मोजता येईल, हा पुढच्या आठवड्याचा प्रश्न होऊ शकतो.

तिसरी शाळा

दोन सावल्यांवरून परीघ निघतो, पण पृथ्वी गोल आहे हे सिद्ध होत नाही. पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ असता, तरी नाशिकची सावली पणजीपेक्षा लांबच पडली असती. वर्गात हे मोकळेपणानं सांगा.

याच रेखांशावर नाशिकच्या उत्तरेला आणखी पाचशे किलोमीटरवर उदयपूर आहे. पृथ्वी सपाट असेल तर सारख्या अंतरासाठी सावली सारखीच वाढायला हवी. पणजीहून नाशिकपर्यंत ती १४ सेंटिमीटर वाढली, म्हणून उदयपूरला १०९ च्या आसपास यावी. पृथ्वी गोल असेल तर १११ यावी. मुलांना दोन्ही आकडे आधी काढायला लावा, वहीत लिहायला लावा, आणि मग उदयपूरच्या शाळेला फोन लावा. फरक दोन सेंटिमीटरचा आहे. पाणसळ, ओळंबा आणि तीन मिलिमीटरचं भोक यांवर आधी नीट मेहनत घेतलेली असेल तर तो दिसतो.