सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी: अंदमानात स्कूबा करणाऱ्यांसाठी

मी पोहायला शिकले ती साताऱ्याजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काकांचा पहिला धडा होता, दम धर आणि बुडी मार. सत्तेचाळिसाव्या वर्षी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्कूबा करायला गेले आणि नेमका तोच धडा विसरावा लागला. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. 10 मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगत जाते. दम धरून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून संथ, लांब श्वास, आत-बाहेर, सतत. जायच्या महिनाभर आधीपासून रोज दहा मिनिटं तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा सराव करा. मला त्याचा फार उपयोग झाला.

आता दिवसांची आखणी. आपल्याकडच्या बहुतेक सहलींत उतरल्या दिवशी सेल्युलर जेल, मग हॅवलॉकला एक रात्र आणि शेवटी घाईघाईत डायव्हिंग असतं. माझ्या पहिल्या सहलीत डाइव्ह दुपारी होती आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. डाइव्ह सेंटरवाल्यांनी मला पाण्यात उतरू दिलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एक डाइव्ह केली तर विमानापूर्वी किमान 12 तास, एकाहून जास्त केल्या तर 18 तास थांबायचं असतं. मी सरसकट 24 धरते.

तेव्हा उलटं करा. पोर्ट ब्लेअरला, आताच्या श्री विजयपुरमला, उतरा, झोपा आणि सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप गाठा. खासगी वेगवान बोटीला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच. तिथे किमान चार रात्री राहा. पाण्यात उतरायचे दिवस आधी घ्या आणि परत येऊन शेवटचा अख्खा दिवस जेलला द्या. सावरकरांची कोठडी बोटीच्या वेळेकडे डोळा ठेवून पाहायची जागा नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. मला फेब्रुवारी-मार्चचं पाणी सगळ्यांत नितळ मिळालं. तिकीट काढण्याआधी दिनदर्शिकेत तिथी पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाला ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी शांत, म्हणून नवशिक्यांनी डाइव्ह तेव्हाच ठेवावी. शहीद द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाशी मात्र पौर्णिमेच्या ओहोटीला जा. पाणी खूप मागे हटतं आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, शंखातले खेकडे, कधी छोटे रंगीत मासे दिसतात. जुने बूट घाला आणि फक्त कोरड्या खडकावर पाय द्या, प्रवाळावर नाही.

पोहता येत नसेल तरी प्रशिक्षकाबरोबरची पहिली डाइव्ह करता येते, जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत. दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, कारण कान मोकळे होत नाहीत. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान दुखायच्या आधी, दर अर्ध्या मीटरला. दुखलंच तर थोडं वर या. जोर करू नका. आणि अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. ‘छान’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

खाली गेल्यावर मासे शोधत फिरू नका, एका जागी स्थिर राहा. समुद्रफुलातून विदूषक मासा डोकावतो. त्यांच्यातले सगळे नर म्हणून जन्मतात आणि गटातला सर्वांत मोठा मादी होतो. कान दिलात तर कुरुम-कुरुम ऐकू येईल. तो पोपटमासा प्रवाळ कुरतडतोय. त्याच्या पोटातून ते वाळू होऊन बाहेर पडतं. प्रवाळबेटांवरच्या पांढऱ्या वाळूतला मोठा वाटा या माशांचा असतो. हे कळल्यापासून मला वाळूवरून चालताना वेगळंच वाटतं. सिंहमाशाचे काटे विषारी असतात. हात छातीशी घडी घालून ठेवले की तुम्हीही सुरक्षित आणि प्रवाळही.

स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जायचं तर दुपारचं जेवण झालं की लगेच निघा. डिसेंबरात तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपल्या सवयीने सहाला पोचलेल्यांना अंधार मिळतो. मगरींच्या सूचना देणाऱ्या पाट्या गंभीरपणे घ्या. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे आहे आणि 2010 मध्ये याच बेटावर एका पर्यटक स्त्रीचा तिने जीव घेतला. खाडीच्या मुखाशी, कांदळवनाजवळ, अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही.

किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळसुद्धा उचलायला कायद्याने बंदी आहे. निघायच्या आदल्या रात्री पोरांचे खिसे आणि चपलांच्या पिशव्या स्वतः झाडून बघा.