ऑब्जेक्ट की रिलेशनल? वेळ मोजण्याआधी भाग मोजा

एमईच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला होता: जावातले ऑब्जेक्ट साठवायला ऑब्जेक्ट डेटाबेस (ऑब्जेक्ट जसेच्या तसे ठेवणारा) वेगवान की रिलेशनल (तक्त्यांत ठेवणारा)? एका बाजूला डीबीफोरओ हा ऑब्जेक्ट डेटाबेस, दुसऱ्या बाजूला पोस्टग्रेस हा रिलेशनल, तोही हायबरनेट या ऑब्जेक्ट आणि तक्ते यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीमार्फत. पहिल्याच आठवड्यात डीबीफोरओ इतका पुढे गेला की मी निष्कर्षाचं प्रकरण लिहायलाही घेतलं. ते सगळं नंतर बाजूला टाकावं लागलं. असा विषय घेणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय.

चाचणी स्वतःच्या मनाने बनवू नका. कॅटेल आणि स्कीन यांनी १९९२ साली मांडलेली ओओ१ ही डेटाबेसचा वेग मोजायची ठरलेली चाचणी जुनी आहे, पण सुरुवात करायला तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी मला सापडली नाही. तिच्यात २०,००० सुटे भाग असतात आणि प्रत्येक भागापासून दुसऱ्या तीन भागांकडे जोडण्या जातात. त्यातल्या ९० टक्के जोडण्या आसपासच्या क्रमांकांच्या भागांशीच असतात. कामं तीन: १,००० भाग क्रमांकावरून शोधणं, १०० नवे भाग घालणं, आणि एका भागापासून जोडण्या धरून सात पातळ्या खाली उतरणं. खरा कस तिसऱ्यात लागतो. १ अधिक ३ अधिक ९ असं करत सातव्या पातळीपर्यंत बेरीज ३,२८० होते; तेच भाग पुन्हा भेटले तरी मोजायचे.

ही बेरीज मी वहीत केली होती, प्रोग्रॅममध्ये मात्र कुठेच तपासली नव्हती. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "दोन्हीकडे भाग तेवढेच पाहिलेस ना?" काउंटर लावला, तर डीबीफोरओचा आकडा ३,२८० च्या बराच अलीकडे थांबलेला. कारण साधं होतं. डीबीफोरओ ऑब्जेक्ट आणताना त्याच्या आतले संदर्भ ठरावीक खोलीपर्यंतच भरतो, आणि ही खोली मुळात ५ असते. त्यापलीकडचा ऑब्जेक्ट हातात येतो, पण त्याची फील्डं रिकामी असतात. जोडण्यांची यादी नल (न भरलेली) असेल तर पुढे जा, अशी ओळ मीच खबरदारी म्हणून लिहिली होती. त्यामुळे एरर आली नाही, उतरणं अर्ध्यात थांबलं, आणि अर्धं काम झाल्याने वेळ अर्थातच कमी लागला. खोली भरमसाट वाढवणं हाही उपाय नव्हे, कारण सगळे भाग एकमेकांत गुंतलेले असल्याने एका भागामागोमाग जवळजवळ सगळा डेटाबेस मेमरीत ओढला जातो. प्रत्येक पायरीवर लागेल तो ऑब्जेक्ट तेवढा भरून घ्यायचा. तसं केल्यावर आकडा जुळला आणि अंतर कमी झालं. तरीही या कामात डीबीफोरओ पुढेच राहिला, हे नमूद करते.

मग तोच न्याय दुसऱ्या बाजूला. हायबरनेटमध्ये शो एसक्यूएल (डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक क्वेरी दाखवणारी सोय) चालू केलं आणि कन्सोलवर एकसारख्या सिलेक्ट क्वेरींची रांग लागली. जोडण्यांची यादी लेझी (लागेल तेव्हाच आणायची) ठेवली की उघडलेल्या प्रत्येक भागामागे एक क्वेरी जाते. सहाव्या पातळीपर्यंतचे भाग उघडावे लागतात, ते जास्तीत जास्त १,०९३, म्हणजे तेवढ्या क्वेरी, आणि पहिला भाग आणायची एक. एकाच सेशनमध्ये पुन्हा भेटलेला भाग आधीच मेमरीत असतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. इथे वेळ जातो तो बहुतांशी या फेऱ्यांमध्ये. तेच काम विथ रिकर्सिव्ह (स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी एसक्यूएलची रचना) वापरून एका क्वेरीत होतं, पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००९ पासून (८.४) आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. फक्त पातळ्यांचे निकाल जोडताना युनियन ऑल लिहा. नुसतं युनियन लिहिलंत तर एकाच पातळीवर पुन्हा आलेला भाग गळतो आणि ३,२८० ओळी मिळत नाहीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये चालणारा डेटाबेस आणि सॉकेटपलीकडचा, वेगळ्या प्रोसेसमधला सर्व्हर यांची थेट तुलना अन्यायाची आहे. रिलेशनल बाजूला एच२ हा डेटाबेसही एम्बेडेड, म्हणजे प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये, चालवून पाहा. १०० भाग घालताना दोन्हीकडे कमिट (बदल पक्के करणं) सारखेच ठेवा. डेटाबेस नुकता सुरू केल्यावरची पहिली रीडिंग आणि कॅश (मेमरीतला साठा) गरम झाल्यानंतरच्या रीडिंग वेगळ्या लिहा, त्यांची सरासरी काढू नका.

माझं मत विचाराल तर संदर्भ धरून आत उतरायचं असेल तिथे ऑब्जेक्ट डेटाबेस, आणि सगळ्या भागांवरून गट पाडून बेरजा काढायच्या असतील तिथे रिलेशनल. ओओ१ मध्ये अशा बेरजांचं काम नाही, त्यामुळे तेवढ्यावरून "अमुक सरस" असं लिहू नका. डीबीफोरओचा विकास आता थांबलेला आहे. आज सुरुवात करत असाल तर ऑब्जेक्टडीबी घ्या. तो जेपीए (जावातून डेटाबेस वापरायची ठरलेली पद्धत, जी हायबरनेटही पाळतो) समजतो, म्हणून तेच एंटिटी क्लास दोन्हीकडे चालवता येतात.

माझ्या शेवटच्या तक्त्यात वेळेच्या आधी दोन रकाने होते: किती भाग पाहिले आणि किती क्वेरी गेल्या. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी आधी त्या दोन रकान्यांवरच बोट ठेवलं, आणि वेळेच्या रकान्यापर्यंत पोचायला आम्हाला अर्धा तास लागला.