मोहर्लीच्या गेटवर पोचण्याआधी

उन्हाळ्यात ताडोबाला एका दिवसात सकाळ-दुपारच्या दोन सफाऱ्या करायच्या असतील, तर तयारी आदल्या संध्याकाळीच उरकून ठेवा. पहाटे चारला अंधारात पिशव्या धुंडाळल्या की हमखास काहीतरी राहतं. त्याच्याही आधी, बुकिंग करताना, वार बघा: मंगळवारी सफारी बंद असते आणि जुलै ते सप्टेंबर कोअरचं, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या आतल्या मुख्य भागाचं, जंगल बंद. बुकिंग गेटनुसार होतं, म्हणून मोहर्लीचं गेट मिळालं असेल तर मुक्कामही मोहर्लीच्या बाजूलाच हवा. कोलारा गेटजवळ उतरून पहाटे जंगलाला वळसा घालत इकडे यायचं म्हटलं तर सूर्योदय रस्त्यातच होईल.

कोअरमध्ये सफारीला मोबाइल नेता येत नाही. बाकीची निम्मी यादी यातूनच निघते. बुकिंग कागदावर छापून घ्या, ज्या ओळखपत्रावर नाव नोंदवलं तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ असू द्या, मनगटावर घड्याळ बांधा. कॅमेरा असेल तर चार्ज केलेली जादा बॅटरी आणि रिकामं कार्ड. पण पहिल्यांदाच जात असाल तर कॅमेऱ्याआधी दुर्बीण मागून आणा, जमल्यास दोन. एकच दुर्बीण हातोहात फिरेपर्यंत समोरचा सर्पगरुड उडून गेलेला असतो.

सफारीची जिप्सी गाडी उघडी असते. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा विदर्भात सगळे बांधतात तसा सुती दुपट्टा डोक्या-तोंडावरून गुंडाळा. ऊन आणि धूळ दोन्हींना तोच पुरतो. हिवाळ्यात जाणार असाल तर कानटोपी आणि हातमोजे घ्या, शिवाय पायांवर टाकायला ब्लँकेट. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत, अत्तर-सेंट नको. पाणी घरच्या स्टीलच्या बाटल्यांत, माणशी दोन लिटर. खाणं निघण्यापूर्वी किंवा परतल्यावर. सफारी साधारण चार तासांची असते आणि मध्येच हवं तिथे उतरता येत नाही, तेव्हा गेटवरच शौचालयाला जाऊन या, मुलांना तर नक्की न्या.

मुलांची खरी तयारी मात्र कानांची. आदल्या रात्री त्यांना ओसरीवर घेऊन बसा आणि पाच मिनिटं काही न बोलता काय काय ऐकू येतं ते मोजायला सांगा. जंगलात वाघ आधी कानांना कळतो, इतर जनावरांच्या इशाऱ्याच्या हाकांवरून. चितळाची हाक शिट्टीसारखी तीक्ष्ण, वानराचा आवाज खोकल्यासारखा खरखरीत, आणि सांबराचा जड, एकेक ‘पोंक’. चितळ बारीकसारीक गोष्टींनीही बिचकतं. पण सांबर वारंवार ओरडू लागलं की गाइड ताबडतोब गाडी थांबवायला सांगतो, इंजिन बंद होतं. त्या क्षणी कोणी पिशवीची चेन ओढली तरी पुढची हाक बुडते. एकदा आमच्याच गाडीत ‘कुठे, कुठे?’ सुरू झालं आणि आवाज कोणत्या बाजूने आला तेच कळेना. त्या दिवसापासून मी सोबतच्यांना ही गोष्ट रात्रीच सांगते. जागेवरून एकदम उभं राहायचं नाही, बोट नाचवायचं नाही, दिसलं तर शेजाऱ्याच्या गुडघ्याला हलकेच हात लावायचा.

शेवटची तयारी एका वाक्याची, आणि ते गेटवर गाइडशी ओळख झाली की लगेच म्हणायचं. ‘दादा, वाघ दाखवाच’ असं म्हटलं की ड्रायव्हरवर दडपण येतं. मग गाड्या धुरळा उडवत एकाच वळणावर जमतात, आणि वाघाची वाट अडते. त्याऐवजी सांगा, ‘दादा, आम्हाला घाई नाही. एखाद्या पाणवठ्यावर अर्धा तास थांबू.’ हे गाइड याच भागातल्या गावांतले. असं म्हणणारं कोणी भेटलं की ते मनापासून बोलू लागतात. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली अस्वल कसं येतं, ताडोबा तलावात मगर कुठे पहुडते, तारू नावाचा गोंड पुढारी कोण आणि तलावाकाठी त्याचं देवस्थान का आहे, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतं. मग पाणवठ्याशी गाडी सावलीत लागते, रानगव्यांचा कळप सावकाश पाण्यात उतरतो, आणि दुर्बीण कोणाला आधी द्यायची एवढंच ठरवायचं उरतं.