डिस्लेक्सिया असलेलं मूल आठवी-नववीत: या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूरचा एक मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता. तोंडी प्रश्न विचारला की पहिला हात त्याचा, पेपर मात्र अर्धा कोरा. चुकलेले शब्द मी त्याच्याकडून दहा-दहा वेळा लिहून घ्यायचे. दहाव्या वेळीही 'सूर्य'मधला रफार भलत्याच अक्षरावर! चूक माझी होती, त्याची नव्हे.

दहा वेळा लिहून घेणं

डिस्लेक्सियात आवाज आणि अक्षर यांची सांगड घालायला मुलाला जास्त कष्ट पडतात. बुद्धी कमी नसते, आळसही नसतो. आपल्या लिपीतल्या अडचणी बघा. 'कि' म्हणताना आधी क, लिहिताना आधी वेलांटी. 'सूर्य' म्हणताना र आधी, कागदावर मात्र तो य च्या डोक्यावर, तोही शेवटी. नुसतं गिरवून ही गाठ सुटत नाही. शब्द फोडून मोठ्यानं म्हणायचा, म्हणता म्हणता लिहायचा. दिवसाला चार-पाच शब्द पुरे, पण रोज.

आकड्यांचंही तेच. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी येतो, लिहिताना दोन. 25 चे 52 झाले आणि रीत बरोबर असेल, तर रीतीचे गुण द्या. विज्ञानाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई कशाला?

अचानक प्रकट वाचनाला उभं करणं

करू नका. वाचायला लावायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी सांगा.

प्रमाणपत्रासाठी दहावीची वाट पाहणं

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. पण परीक्षेतल्या सवलती (जादा वेळ, उत्तरं लिहायला लेखनिक) मागायला सरकारी प्रमाणपत्र लागतं. नजर, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, यात बऱ्याच फेऱ्या होतात. त्यानंतर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. बोर्डाचे फॉर्म भरताना धावाधाव करणारे पालक दरवर्षी दिसतात. आठवीतच सुरुवात करा. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र असेल तर त्याची मुदत तपासा. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांत चौदाव्या वर्षी ते पुन्हा काढायची अट होती. 'शिक्का बसेल' म्हणून लपवणाऱ्यांना मी एवढंच विचारते: वर्गात 'ढ' हा शिक्का आधीच बसलाय, त्याचं काय?

लेखनिक मिळाला म्हणून निर्धास्त राहणं

खरी फजिती इथे होते. उत्तर सांगून लिहवून घेणं ही वेगळीच कला आहे. मूल घडाघडा बोलत सुटतं, खालच्या इयत्तेतला लेखनिक मागे पडतो, मग दोघंही गोंधळतात. पूर्णविराम, नवा परिच्छेद, 'कंसात लिही', सगळं सांगावं लागतं. भूमितीची आकृती कोण काढणार, तेही आधी ठरलेलं हवं. जादा वेळ तासाला 20 मिनिटं धरली, तर दोन तासांच्या गणिताला 40 मिनिटं वाढतात; तेवढा वेळ बसायचीही सवय लागते. नववीच्या घटक चाचणीपासून लेखनिक देऊन बघा.

क्लासवर क्लास लावणं

सकाळी शाळा, दुपारी एक क्लास, संध्याकाळी गंगापूर रोडला दुसरा. दमलेल्या मुलाला आणखी वाचायला दिलं तर ते वाचणार कसं? त्याऐवजी धडा कानावर पडू द्या. इतिहासाचा धडा आजीनं वाचून मोबाइलमध्ये रेकॉर्ड केला तरी चालतो. सातपूरचा तो मुलगा बसमध्ये सिडकोला मावशीकडे पोचेपर्यंत तोच धडा दोनदा ऐकायचा.