आईस मेकर बर्फ देईना? खान्देशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे पारा ४२-४३ च्या पुढे सरकतो आणि नेमका तेव्हाच फ्रीजमधला आईस मेकर हात वर करतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई आलेले, आमरस तयार, मठ्ठ्याला बर्फ हवा, आणि डब्यात चार खडे! लगेच मेकॅनिकला फोन जातो, तो 'युनिट बदलावं लागेल' म्हणतो आणि घरचेही घाईघाईत मान डोलावतात. कृपा करून तेवढी घाई करू नका. आपल्याकडे बहुतेक वेळा आईस मेकर बिघडलेला नसतो. पाण्याचा दाब, बोअरचं जड पाणी आणि उन्हाचा ताप ही तीन कारणं आधी तपासायची, आणि तिन्ही घरच्या घरी तपासता येतात.

त्याही आधी दोन साध्या गोष्टी बघून घ्या. बर्फाच्या डब्यावर तारेचा दांडा असेल तर तो वर अडकलेला नाही ना? दांडा वर म्हणजे आईस मेकर बंद. डबा भरल्यावर तो आपोआप थांबावा म्हणून ही सोय असते. डबा परत लावताना किंवा मटारची पिशवी कोंबताना दांडा सहज वर ढकलला जातो. पॅनेलवर 'आईस ऑफ' लागलंय का, तेही पाहा. आणि फ्रीज नवा असेल तर पहिला बर्फ पडायला २४ तास लागू शकतात, तोवर तक्रार नोंदवू नका.

धाब्यावरच्या (गच्चीवरच्या) टाकीला थेट जोडणी

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नळजोडणीच्या फ्रीजला अनेक कंपन्या किमान २० पीएसआय, म्हणजे साधारण १.४ बार दाब मागतात. आता आपल्या घराचा हिशोब करा. टाकी १० मीटर उंच असेल तर खाली जेमतेम १ बार दाब मिळतो. म्हणजे १.४ बारसाठी टाकी फ्रीजच्या १४ मीटर वर हवी. बैठ्या घराच्या धाब्यावरची टाकी फ्रीजपासून तीन-चार मीटरवर असते, वर एक मजला असला तरी सहा-सात मीटर. म्हणजे लागतो त्याच्या निम्माच दाब, कित्येक घरांत तेवढाही नाही.

नळीतून पाणी येताना दिसतं, त्यामुळे जोडणी करणारा निर्धास्त निघून जातो. पण फ्रीजचा व्हॉल्व्ह ठरलेले काही सेकंदच उघडतो आणि तेवढ्या वेळात ट्रेमध्ये पुरेसं पाणी पडत नाही. अशा ट्रेतला खडा हातात घेऊन बघा. पातळ, चपटा, कधी मधूनच पोकळ. बोटांनी दाबला की वरचं कवच फुटतं आणि आतलं न गोठलेलं पाणी तळहातावर येतं. असे खडे दिसले की आधी दाबाकडे जा, युनिटकडे नाही.

कमी दाबाचा दुसरा त्रास जास्त छुपा आहे. हा व्हॉल्व्ह घट्ट मिटायलाही मागून पाण्याचा रेटा लागतो. रेटा नसेल तर तो थेंब थेंब गळत राहतो, ते थेंब फ्रीजरमध्ये पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोठतात आणि नळी बुजते. मग बर्फ पूर्ण बंद. मेकॅनिक व्हॉल्व्ह बदलून देतो, थोड्या दिवसांनी नवा व्हॉल्व्हही तेच करतो, कारण दोष त्याच्यात नव्हताच.

दारावर पाण्याचा डिस्पेन्सर असेल तर तपासणी सोपी आहे. १७० मिलीचा पेला १० सेकंदांत भरला तर दाब ठीक समजा. नाही भरला, तर आधी फिल्टर तुंबलेला नाही ना ते बघा, आणि तो स्वच्छ असूनही धार बारीक असेल तर फ्रीजच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवून घ्या. स्वयंपाकघरातल्या आरओला फ्रीज जोडायचा असेल तर आणखी सांभाळून. साध्या घरगुती आरओच्या टाकीतून पाणी फक्त उंचीच्या जोरावर खाली येतं, त्यावर व्हॉल्व्ह चालत नाही. मध्ये पंप लागेल, हे बसवणाऱ्याला आधीच सांगा.

नळी गोठलीच असेल तर आत सुई-तार घालू नका. फ्रीजचा प्लग काढा, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर धरा आणि बर्फ आपोआप सुटू द्या. वेळ लागतो, पण नळी फाटत नाही.

आपल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. टाकी रिकामी झाली की लाइनमध्ये हवा शिरते आणि नवं पाणी आलं की तळाचा गाळ थेट फ्रीजच्या फिल्टरवर जातो. टाकी कोरडी पडून पुन्हा भरली की आधी डिस्पेन्सरमधून पाणी सोडून हवा काढा. फ्रीजच्या मागे, लाइनवर, गाळ अडवणारा साधा फिल्टर लावला तर आतला महागडा फिल्टर जास्त टिकतो.

फिल्टरकडून नको ती अपेक्षा

फ्रीजमधला फिल्टर मुख्यतः कार्बनचा असतो. तो क्लोरीनचा वास आणि चव कमी करतो. पाण्यातले क्षार काढत नाही. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, बोअर तर फारच खोल गेलेत. त्यामुळे खडे मधोमध पांढरे दिसले किंवा वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी राहिली तर घाबरू नका, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. आरोग्याला त्यांचा धोका नसतो, त्रास यंत्राला होतो. ट्रेवर थर चढत जातो, खडे सुटत नाहीत आणि ते सोडवणारी मोटर अडखळते. ट्रे आणि डबा काढता येत असतील तर कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवा. चाकूने खरवडायचं नाही. ओरखड्यांत खडे आणखी चिकटतात.

फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा, गाळाचं पाणी असेल तर त्याआधी. नवा बसवल्यावर काही लिटर पाणी वाहू द्या आणि पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ फेकून द्या.

उन्हाचा हिशोब न करणं

फ्रीजच्या लेबलवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. 'टी' म्हणजे भोवतालचं तापमान ४३ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'एन' म्हणजे ३२. आपल्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीलगतचं स्वयंपाकघर दुपारी ४३ सहज ओलांडतं. अशा वेळी फ्रीजर उणे १८ अंशांवर टिकत नाही, आणि ट्रे पुरेशी गार झाल्याशिवाय आईस मेकर खडे सोडतच नाही. तो बिघडलेला नसतो, थंडीची वाट बघत असतो. फ्रीज उन्हाच्या भिंतीपासून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर न्या, मागे-बाजूला पुस्तिकेत सांगितलेली जागा सोडा, कॉइल मागे उघडी असेल तर धूळ काढा. दाराच्या रबराला चिकटलेली साखर-रस पुसा, नाहीतर गरम हवा आत जात राहते.

आणि आखाजीचं नियोजन आधी करा. घरगुती आईस मेकर दिवसाला साधारण दीड-दोन किलो बर्फ देतो, उन्हाळ्यात त्याहून कमीच. वीस माणसांच्या पंगतीला तो पुरणार नाही. दोन-तीन दिवस आधीपासून बर्फ पिशव्यांत भरून फ्रीजरच्या तळाशी साठवा, जोडीला साधे ट्रे लावा. त्याच दिवशी गरम दूध किंवा रसाची मोठी पातेली आत ठेवू नका. ठेचा, लसणाची चटणी झाकूनच ठेवा. बर्फ वास चटकन ओढून घेतो.

लाइट गेल्यावर दार उघडणं

दार बंदच ठेवा. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा एकसंध गोळा होतो आणि बर्फ ढकलणारी स्क्रू अडकते. डबा बाहेर काढा, गोळा सिंकमध्ये मोडा, डबा कोरडा करून परत लावा. फ्रीजरच्या आत चाकू, स्क्रूड्रायव्हर, लाटणं काही म्हणजे काही चालवू नका. भिंतीमागे किंवा तळाशी गॅसची नळी असते, ती फुटली की दुरुस्ती फार महाग पडते. शिवाय आताच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो.

एवढं सगळं नीट असूनही दिवसभरात खडा पडला नाही, तर आईस मेकरवरचं टेस्ट बटण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबा. ट्रे फिरतच नसेल तर मोटर किंवा गिअर गेलाय. फिरते, पण पाणी येत नाही, तर व्हॉल्व्ह किंवा नळी. मेकॅनिकला फोनवर हेच सांगा, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊन येईल. आणि काढलेला जुना पार्ट स्वतःकडे मागून घ्या.