निरोपाचे दोन शब्द लिहिताना या चुका टाळा

इंजिनिअर सहकारी नोकरी सोडून निघाला की ग्रुपवर 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'ची रांग लागते. पहिला लिहितो, बाकीचे उचलतात. नव्याने रुजू झालेली मंडळी यात सर्वांत चपळ. कोण चाललंय हे कळायच्या आत मेसेज चिकटवून मोकळी. एकाने तर मागच्या निरोपाचा मेसेज तसाच टाकला, नावासकट. निघालेल्या बाईंना आधी गेलेल्या गृहस्थांच्या नावाने शुभेच्छा मिळाल्या आणि खाली चार-पाच जणांनी न वाचताच अंगठेही दिले! अ‍ॅपकडून लिहून घेतलेल्या मजकुराचीही तीच गत, फक्त विशेषणं जास्त.

'खूप काही शिकायला मिळालं' असं मी लिहीत नाही, काय शिकायला मिळालं ते लिहितो. उदाहरणार्थ: 'सर्व्हरची डिस्क भरली त्या रात्री लॉगची फाइल उडवूनही जागा सुटत नव्हती. ती फाइल धरून बसलेली प्रोसेस तू शोधून बंद केलीस, आणि मग आम्हाला कारणही शांतपणे समजावलंस. नवी टीम नशीबवान आहे. शुभेच्छा!' एवढं पुरे. असं एकही काम आठवत नसेल तर नुसतं 'शुभेच्छा' लिहा, उगाच गहिवरू नका.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक म्हणजे निरोपातच काम काढणं. एका ठिकाणी सीनियरच्या निरोपाच्या मेलवर मॅनेजरसाहेबांनी शुभेच्छांखालीच विचारलं, 'जाता जाता बॅकअपचा पासवर्ड तेवढा सांगून जा.' हँडओव्हरची मीटिंग अख्ख्या नोटीस पीरियडमध्ये पुढे ढकलली होती ती यांनीच. मग दुसऱ्याला स्क्रिप्ट आठवली, तिसऱ्याला लायसन्स. समोर केक कापायचा थांबलेला, आणि तो भला माणूस लॅपटॉप जमा करायचा सोडून उत्तरं टाइप करतोय. राजीनाम्याची बातमी कळली की त्याच आठवड्यात मी माझे प्रश्न एका कागदावर काढतो आणि समोर बसून विचारून घेतो. निरोपाच्या मेलमध्ये प्रश्नचिन्ह नको म्हणजे नको.

नवी कंपनी त्याने स्वतः सांगितली नसेल तर तुम्ही जाहीर करू नका. 'सुटलास बाबा!' हे साहेब असलेल्या ग्रुपवर नको. त्याचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं कंपनीचं पत्र, अजून यायचं असतं. 'फार मनमिळाऊ होता' हेही नको, माणूस फक्त नोकरी सोडतोय. समोर 'अहो' म्हणत असाल तर मेसेजमध्येही 'अहो'च.

आणि संध्याकाळची वाट बघू नका. बऱ्याच ऑफिसांत शेवटच्या दिवशीच मेल अकाउंट बंद होतं. मी जेवणाच्या सुट्टीआधीच पाठवतो, तेही त्याच्या स्वतःच्या नंबरवर.