बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा सिम्युलेटरवरील सराव : या चुका टाळा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया शिकणारे अनेक तरुण सर्जन सिम्युलेटरसमोर घड्याळ लावून बसतात आणि कालच्यापेक्षा आज किती मिनिटे वाचली यावरच प्रगती मोजतात. ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २० बेरिअॅट्रिक सर्जनांच्या दुर्बिणीद्वारे केलेल्या जठराच्या बायपासच्या (जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेच्या) चित्रफिती, नावे लपवून, इतर सर्जनांना तपासायला दिल्या होत्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत कुशल गटाच्या रुग्णांमध्ये ५.२ टक्के होते. कुशल गटाला वेळही कमी लागत होता हे खरे. परंतु वेग हा हलक्या आणि नेमक्या हाताळणीच्या मागोमाग येतो, तो आधी आणायचा नसतो.

दुसरी चूक प्रशिक्षकांची आहे आणि ती अधिक गंभीर वाटते. बायपासमध्ये लहान आतडे कापल्यावर दोन टोके मिळतात. वरच्या टोकाकडून पित्त येते आणि खालचे टोक जठराच्या छोट्या पिशवीला जोडायचे असते. ही टोके उलटसुलट झाली, तर आतड्याचे बंद वर्तुळ तयार होऊन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. प्रयोगशाळेत मात्र डुकराच्या आतड्याचे दोन तुकडे आधीच मांडून ठेवलेले असतात, त्यामुळे शिकणारा टाके सुबक घालतो, पण कोणते टोक कोणते हे ओळखण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. आतड्याचा लांब, वेटोळ्यांचा तुकडा द्यावा, सुरुवातीची जागा त्यालाच शोधायला लावावी आणि कापण्यापूर्वी एका बाजूला खुणेचा टाका घालण्याची सवय लावावी.

स्लीव्हच्या, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याच्या, सरावात बूजी (जठराची रुंदी ठरवण्यासाठी तोंडातून आत घातलेली जाड नळी) वापरली जाते, पण भूलतज्ज्ञाची भूमिका कोणीच करत नाही. खऱ्या शस्त्रक्रियेत जठरात राहिलेली नळी किंवा तापमान मोजणारी तार स्टेपलरखाली (पिना मारून ऊती जोडणाऱ्या व कापणाऱ्या उपकरणाखाली) सापडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक वेळी स्टेपलर चालवण्यापूर्वी ‘बूजीखेरीज आत काही नाही ना?’ हा प्रश्न मोठ्याने विचारून उत्तर घ्यावे. स्टेपलर मिटताच चालवून टाकण्याचीही घाई होते. ऊती दाबली जाण्यासाठी थोडे थांबणे आवश्यक असते. सराव संपल्यावर जठर थेट कचऱ्यात जाते, हे तर निव्वळ नुकसान आहे. त्यात रंगीत पाणी भरून गळती पाहावी, मग ते उघडून जठराच्या वळणापाशी मार्ग अरुंद झाला आहे का आणि पिनांची रेघ पिळवटली आहे का, हे आतून तपासावे.

सुटीच्या एका दिवसात सगळा सराव उरकण्याची पद्धतही सोडून द्यावी. टोरांटोमध्ये ३८ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याची चार सत्रे देण्यात आली, काहींना एकाच दिवशी, तर काहींना आठवड्याला एक याप्रमाणे. महिन्याभरानंतरच्या चाचणीत दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली.

आणखी एक गोष्ट राहते. साध्या बॉक्स ट्रेनरमध्ये (सरावाच्या पेटीत) जाड पोटाच्या भिंतीचा रेटा जाणवत नाही. पोर्टभोवती (उपकरण आत घालण्याच्या नळीभोवती) जाड फोम बसवला, तर उपकरण वळवताना मनगटावर येणारा ताण थोडाफार तरी कळतो. यकृत उचलून धरण्याचा सराव मात्र तेथे होत नाही, तो अनुभवी सर्जनाच्या शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो.